राखणीची मरळ

भाद्रपदातली दुपार. नागपूरजवळ, बीना संगमाच्या वर, कन्हान नदीच्या एका डोहात, काठच्या गवताला लागून पाण्यावर एक तांबूस डाग सरकत होता. कुंकू सांडून पसरावं तसा. ती मरळीची पिल्लं होती. बोटाच्या पेराहून लहान, शेकड्यांनी, एकाच गुंत्यात वर येऊन हवेचा घोट घ्यायची आणि पुन्हा खाली जायची. दरडीवर दोन तरुण उभे होते. हातात स्पिनिंग रॉड, दोरीच्या टोकाला रबरी बेडूक. बेडूक डागाच्या पलीकडे पडला, डागावरून ओढला गेला आणि पाणी फाटलं. पहिल्याच फेकीत हातभर मरळ. फोटो झाले, मासा पिशवीत गेला. शेजारी जाळं वाळवत बसलेल्या म्हाताऱ्या ढिवरानं एवढंच विचारलं, "आता याच्या पोरायले कोन पाहीन?" पोरं हसली. हेतू वाईट नव्हता, त्यांना ठाऊकच नव्हतं. पण खालचा डाग दोनदा विस्कटला, दोनदा जुळला आणि मग त्याच्याभोवती लहान माशांच्या चांदीसारख्या झेपा दिसायला लागल्या.

म्हाताऱ्याचा तो प्रश्न मनातून जात नाही.

त्याचं एक कारण त्या फेकीचा सोपेपणा आहे. राखणीवरची मरळ बेडूक भुकेनं घेत नाही. पिल्लांच्या डोक्यावरून जी वस्तू जाईल तिच्यावर ती तुटून पडते, मग ते पान असो की रबर. तिथं वेळ, खोली, रंग, वेग यांपैकी कशाचाच हिशेब लागत नाही. आणि फ्लाय फिशिंगचा तर सगळा डोलारा याच हिशेबावर उभा आहे. कोणता मासा कुठल्या पाण्यात उभा राहतो, काय खातो, कसं खातो, हे ओळखायचं आणि पिसं, दोरा, फोम यांतून तेच खाणं त्याच्यापुढे मांडायचं. या नकली खाण्यालाच फ्लाय म्हणतात. कन्हानच्या या पट्ट्यात तर एकाच वळणावर खाण्याच्या पाच-सात तऱ्हा सापडतात. इथं रॉड घेऊन यावं ते त्यासाठी.

नागपूरकराला कन्हान ठाऊक असते ती नळातून आणि कामठीपुढच्या पुलावरून. फार तर बीना संगमावरची सहल, जिथं पेंच आणि कोलार तिला येऊन मिळतात. त्याच्या वर, सावनेर आणि पारशिवनी तालुक्यांच्या मधून ती येते, तिथं हौशी गळवाले फारसे फिरकत नाहीत. सगळ्यांचा डोळा पेंचवर. पण पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत, तोतलाडोहात, मासेमारीला बंदी आहे, आणि ती पाळलीच पाहिजे. वरच्या कन्हानात महासीरच्या आशेनं कुणी येऊ नये. इथं आहे ते साधं वैभव: खडकांच्या पाळी, त्यांच्यामधून निसटणारी धार, खाली रेतीचं पठार, मग डोह, डोहाच्या काठाला बेशरमाची झुडपं आणि पुन्हा पुढची पाळ. सकाळी ओल्या रेतीला येणारा गार वास, दुपारी बेशरमाच्या जांभळ्या फुलांवर माश्यांची गुणगुण. येण्याआधी गावात विचारावं. मासेमारीचे हक्क बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतात, आणि जाळी कुठं मांडली आहेत हे ढिवर मंडळीच सांगू शकतात. मांडलेल्या जाळ्यात फ्लाय लाइन अडकली तर लाइन तर जातेच, जाळ्याचाही दिवस वाया जातो, आणि ते जाळं कुणाचं तरी पोट असतं.

धारेपासून सुरुवात करावी. गुडघाभर पाणी, खाली गोटे, वर मोडकी चमक. इथं काळ्या उभ्या पट्ट्यांचे, बोट-दीड बोट लांबीचे, चपळ मासे असतात, आणि धारेच्या कडेला, जिथं पाणी जरा सैल पडतं, तिथं वर वळलेल्या तोंडाच्या चंदेरी मासोळ्या. दोघांचंही लक्ष वर तरंगत येणाऱ्या किड्यांवर. ४ नंबरचा साडेसात-आठ फुटी रॉड (नंबर जितका मोठा तितका रॉड आणि त्यावरची लाइन जड), लाइनच्या टोकाला ९ फुटांचा बारीक दोरा म्हणजे लीडर, त्याच्या शेवटी सगळ्यांत बारीक तुकडा, ५ एक्स टिपेट, म्हणजे साधारण ०.१५ मिलिमीटर. फ्लाय १६ किंवा १८ नंबरच्या गळावर (इथं नंबर मोठा तितका गळ लहान), करडं अंग आणि कोंबड्याच्या मानेचं एकच तपकिरी पीस गुंडाळलेलं. उभं राहायचं खालच्या बाजूला आणि फेकायचं वर, तिरपं. फ्लाय पाण्याच्याच वेगानं खाली यायला हवी. मधल्या जोरदार धारेनं लाइनला पोट आणलं की फ्लाय ओढली जाते, तिच्यामागे बारीक रेघ उमटते, आणि ती रेघ दिसली की मासा वर येतो, बघतो, फिरतो. यावर उपाय म्हणजे लाइन पाण्यावर पडल्याबरोबर रॉडचं टोक उचलून लाइनचं पोट वरच्या बाजूला पलटवून टाकणं. हे मासे फ्लाय तोंडात ठेवत नाहीत. पीस लागलं की थुंकतात. त्यामुळे मनगटाची हालचाल लगेच व्हावी, पण इंच-दोन इंचांचीच. जोरात झटका दिला तर एवढासा मासा डोक्यावरून मागच्या बेशरमात जातो. या मासोळ्यांना कुणी शिकार म्हणत नाही. पण डोळा आणि हात यांची जी तालीम धारेत तासाभरात होते ती डोहावर आठवडाभर बसून होत नाही.

धार जिथं डोहात उतरते त्या मानेत पाणी कमरेएवढं होतं आणि रंग हिरवट. इथं रोहू येतो, मृगळ येते, आणि रुपेरी अंगाचे, मोठ्या खवल्यांचे, वीतभर पुंटियस जातीचे मासे थव्यानं असतात. रोहूचं तोंड खाली वळलेलं, ओठ झालरीचे. तो गोट्यांवरचं शेवाळ खरवडतो, मधल्या पाण्यातलं बारीकसारीक टिपतो. त्याला वरची फ्लाय दाखवण्यात अर्थ नाही. १२ नंबरच्या गळावर हिरव्या लोकरीचा ढिला, केसाळ गोळा, त्याखाली ३ मिलिमीटरचा पितळी मणी, आणि वर लाइनवर लोकरीचाच छोटा इंडिकेटर, म्हणजे घास दाखवणारी तरंगती खूण. इंडिकेटर ते फ्लाय हे अंतर पाण्याच्या खोलीपेक्षा वीतभर कमी. रोहूचा घास फार सौम्य असतो. इंडिकेटर बुडत नाही. वाहता वाहता तो थबकतो किंवा बाजूला बोटभर सरकतो. बुडण्याची वाट बघणारा माणूस सकाळभर मासे चारत बसतो आणि पाणी रिकामं आहे असं म्हणत घरी जातो. थबकला की रॉड नुसता उचलायचा. लागला तर रोहू आधी जागच्या जागी जड होतो, आणि मग सरळ डोहाच्या पोटाकडे निघतो. अशा वेळी ६ नंबरचा ९ फुटी रॉड आणि ३ एक्स टिपेट हवं. लाइन बोटांनी दाबून धरली की टिपेट तुटतं. रीलच्या ड्रॅगला, म्हणजे लाइन बेतानं सुटू देणाऱ्या ब्रेकला, त्याचं काम करू द्यावं.

पाव, कणीक लावून हाच मासा चटकन मिळतो, हे खरं आहे. लोकरीच्या गोळ्यावर तो मिळाला की त्याचं खाणं आपल्याला कळलं एवढं समजतं. ज्याला यात समाधान नाही त्यानं कणीक लावावी, त्यात कमीपणा काही नाही.

मागे दरड आणि बेशरमाची भिंत असल्यामुळे इथं मागं लाइन उडवायला जागा मिळत नाही. रोल कास्ट आलाच पाहिजे. रॉडचं टोक सावकाश मागं आणत कानाच्या जरा मागे थांबवायचं, लाइनचं पोट खांद्यामागे लोंबू द्यायचं, आणि लाइनची पुढची बाजू पाण्याला चिकटून पूर्ण थांबेपर्यंत वाट पाहायची. हीच वाट लोकांना पाहवत नाही. लाइन सरकत असतानाच पुढं मारली तर ती पायाशी गोळा होऊन पडते. मग पुढचा झटका, आरंभी हलका, शेवटी जोरात, आणि रॉड डोळ्यांच्या उंचीला थांबवायचा. टोक पाण्यापर्यंत खाली आणलं की वेटोळं उलगडण्याआधीच मोडतं. ६ नंबरच्या लाइनच्या पहिल्या ३० फुटांचं वजन साधारण १०.४ ग्रॅम असतं. फेकलं जातं ते हे वजन. फ्लायचं स्वतःचं वजन नगण्यच. हे एकदा हातात उतरलं की जोर लावायची सवय आपोआप सुटते.

रेतीच्या उथळ पठारावर, पाणी गुडघ्याखाली आणि ऊन तिरपं असेल तेव्हा, ताटाएवढे गोल खड्डे दिसतात. तिलापियाच्या नराचं ते काम. १४ नंबरचं काळं निम्फ, म्हणजे पाण्याखालच्या किड्याच्या रूपाची फ्लाय, खड्ड्याच्या पलीकडे टाकून हळू आत आणलं की तो ते तोंडात उचलून बाहेर टाकायला येतो. मादी अंडी आणि पिल्लं तोंडातच घेऊन फिरते. राखणीत ती मरळीपेक्षा कुठंही उणी नाही. तरीही तिलापिया पिशवीत टाकताना हात अडत नाही. मोझांबिक तिलापिया १९५२ मध्ये भारतात आणला गेला, मागून नाईल तिलापिया आला, आणि आता दोघं मिळून तळ्याकाठची, नदीकाठची जागा इथल्या माशांकडून घेत चालले आहेत. घरी न्यायचा असेल तर हाच न्यावा. कारण पटतं, पण एका आईला माफी आणि दुसरीला फोडणी या न्यायात कुठंतरी खडा लागतो. तो लागू द्यावा. विचार न करता माशाला उचलण्यापेक्षा ते बरं.

सुईसारख्या लांब चोचीचा एक बारीक मासा डोहाच्या पृष्ठभागाखाली बोटभर अंतरावर तरंगत असतो. तो फ्लायच्या मागे येतो, चावतोही, पण चोच इतकी कठीण की गळ रुतत नाही. त्याच्यासाठी गळ लागतच नाही. नायलॉनच्या दोरीचे पिंजलेले पांढरे धागे, तीन इंच लांब, एवढंच बांधायचं. त्याचे बारीक दात त्यात गुंततात. सोडवताना ओढू नये, धागे पुढच्या बाजूनं एकेक सुटे करावेत, नाहीतर चोच मोडते.

संध्याकाळ डोहाची. दिवस कललेला, समोरच्या काठावर बगळे बसायला लागलेले, आणि तळाशी शिंगाला आणि शिवडा हलायला लागतात. दोघंही मासे खाणारे, दोघंही अंधाराचे. इथं क्लाउझर मिनो ही फ्लाय उपयोगी: २ किंवा १ नंबरचा गळ, डोळ्याच्या जागी डंबेलच्या आकाराचं वजन, वर पांढरे आणि करडे लांब केस. वजन गळाच्या दांडीच्या वरच्या अंगाला बांधलेलं असल्यानं फ्लाय पाण्यात उलटी होते, टोक वर राहतं, आणि खडकाच्या खोबणीत कमी अडकते. सेकंदाला सात-आठ सेंटिमीटर बुडणारी सिंक टिप लाइन घेतली तर दोन मीटरच्या डोहात तळ गाठायला पंचवीस-तीस सेकंद लागतात. हे आकडे मनात मोजावेत. तळाला टेकली की हातभर ओढायचं, थांबायचं, पुन्हा ओढायचं. घास बहुधा थांबल्यावर, फ्लाय खाली येताना पडतो, म्हणून थांबलेल्या क्षणी लाइन ताठ असावी. शिवड्याच्या जबड्यात बारीक दातांचे पट्टे असतात, साधं टिपेट त्यावर घासून झिजतं. शेवटचा फूटभर ०.५० मिलिमीटर नायलॉन लावावं. शिंगाल्याच्या पाठीवरचा आणि कल्ल्यांमागचे काटे ताठ होतात. त्याला मुठीत कधी धरू नये. पक्कड लांब दांड्याची असावी, आणि मासा पाण्यातच ठेवून गळ सोडवावा.

आणि मग मरळ.

तिचं पाणी म्हणजे डोहाची कड, जिथं गवत पाण्यात झुकतं, बेशरमाच्या मुळ्या बुडालेल्या असतात, कमळाचं किंवा जलकुंभीचं एखादं बेट असतं. मरळ हवेवर जगते. कल्ल्यांच्या वरच्या पोकळीतल्या अवयवातून ती हवा घेते, आणि काही काही मिनिटांनी तिला वर यावंच लागतं. जाळ्यात किंवा वेलांत पाण्याखाली अडकून राहिली तर मासा असूनही ती गुदमरून मरते. म्हणून काठावर गुपचूप उभं राहिलं की ती स्वतःच आपला पत्ता सांगते: एक जड भुडुक आवाज, एक वर्तुळ. वर्तुळावर फ्लाय टाकू नये. ती दचकते. हातभर पुढं, गवताच्या कडेला टाकावी, तरंग विरेपर्यंत थांबावं, मग पानावरून पाण्यात उतरल्यासारखी सरकवावी. रॉड ८ नंबरचा, लीडर आखूड, ६ फुटांचा, टोकाला ०.४० मिलिमीटर नायलॉन. पाणी फुटलं की रॉड वर उचलायचा मोह आवरावा. लाइन धरलेल्या डाव्या हातानं सरळ मागं ओढावी, तीही वजन जाणवल्यावर. फुटलेल्या पाण्याकडे बघून ओढणाऱ्याच्या हाती नुसतीच फ्लाय येते.

मरळीसाठी फोमचा बेडूक घरीच बांधावा. चपलांच्या दुकानात ईव्हीए फोमचे तुकडे मिळतात, दोरा गांधीबागेत, मणी आणि रबरी धागे इतवारीत, पिसं कोंबडीवाल्याकडे. रुंद तोंडाचा १/० गळ (१ नंबरहून एक माप मोठा), त्यावर दोऱ्याची पक्की बैठक. आधी गळाच्या वळणाशी ०.५० मिलिमीटर नायलॉनचा तुकडा बांधून मागे मोकळा सोडायचा. दोन्ही अंगांना दोन-दोन पिसं, बाहेरच्या बाजूला वळणारी. ते पाय. मग १२ मिलिमीटर रुंद फोमची पट्टी मागे बांधून पुढे दुमडायची, खाली फेविक्विकचा थेंब, आणि गळाच्या डोळ्यामागे, म्हणजे दोरी ओवायच्या भोकामागे, तीन वेढ्यांनी आवळायची. पहिला वेढा सैल, दुसरा जरा घट्ट, तिसरा पक्का. पहिलाच आवळला तर दोरा फोम कापून टाकतो. रबरी पाय, गाठ, आणि शेवटी नायलॉन गळाच्या टोकाखालून पुढे आणून बांधायचं, म्हणजे वेली टोकाला धरणार नाहीत. फोम गळाच्या दांडीखाली उतरला असेल तर कात्रीनं काढून टाकावा. टोक आणि दांडी यांमधली पोकळी भरली की मरळ फोम चावते आणि गळ तिच्या जबड्याला शिवतही नाही. पक्कडीनं गळाच्या टोकाजवळची उलटी काटी दाबून टाकावी. मासा सोडताना फाटत नाही.

हा बेडूक पिल्लांवरून ओढायचा नाही. पाणी उकळल्यासारखं एकाच जागी खदखदताना दिसलं, त्याखाली तांबूस झाक दिसली, की लाइन गुंडाळून दुसऱ्या वळणावर जावं. राखणारी जोडी फूट-दोन फुटांवर खालीच असते. तिला पकडून लगेच सोडणंही धड नाही. तेवढ्या वेळात भोवतालचे मासे पिल्लांवर तुटून पडतात, आणि दमलेली मरळ परत त्याच जागी येईलच असंही नाही. पावसाळ्यात सुरू झालेली ही राखण पिल्लं मोठी होऊन रंग बदलून पांगेपर्यंत चालते. मरळीला बाजारात भाव आहे, ढिवरांच्या घरी तिचं मोल मोठं आहे. त्या म्हाताऱ्याचा प्रश्न दयेचा होता तसाच पुढच्या वर्षीच्या जाळ्याचाही होता. शहरातून हौसेनं येणाऱ्यानं निदान त्याच्या वाट्यातून घेऊ नये.

या पट्ट्यातली खरी काळजी मात्र गळाची नाही. रेती उपसली की पठार जातं, धार बसते, आणि जिथं गोट्यांवरून पाणी खळाळत होतं तिथं साचलेले खड्डे उरतात. खड्ड्यांत तिलापिया सुखात राहतो. पट्ट्यापट्ट्यांचे मासे नाहीसे होतात, कारण त्यांना वाहतं पाणीच लागतं. खाली कामठीच्या पुढं नाग नदी शहराची घाण घेऊन कन्हानला मिळते, त्या पाण्यात वरच्या माशांना उतरायला जागा नाही. वरचा पट्टा गेला तर भरून यायला कुठून येणार?

फ्लायचा हंगाम कोजागिरीनंतर पाणी निवळलं की सुरू होतो आणि होळीपर्यंत चालतो. त्यानंतर रॉड बंद करावा. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशांना साडेसातच. एप्रिलच्या डोहात झुंजवून सोडलेला रोहू पोहत गेलेला दिसतो, आणि तासाभरानं मेलेला खालच्या खडकाला लागतो. मे महिन्यात घरची कामं भरपूर असतात. लाइन कोमट पाण्यात साबणाचे दोन थेंब टाकून फडक्यानं पुसावी, रीलचा ड्रॅग सैल करून ठेवावा. फोमचे बेडूक गाडीत विसरू नयेत, नागपूरच्या ४५ अंशांत रबरी पाय एकमेकांना चिकटतात. पिसांच्या डब्यात कडुलिंबाचा वाळलेला पाला ठेवला की कसर लागत नाही.